चिमूटभर पावडरचा डॉक्टर

मृगाचे पहिले पाऊस पडून गेले की गावच्या विहिरीचे पाणी गढुळते आणि त्यामागोमाग प्राथमिक आरोग्य केंद्रात जुलाब-उलट्यांचे रुग्ण येऊ लागतात. मग ग्रामपंचायतीचा कर्मचारी बादलीत पांढरी पावडर कालवून विहिरीत ओततो. गावात तिला टीसीएल म्हणतात, शहरात ब्लीचिंग पावडर. पाण्याला वास येतो म्हणून काही जण नाक मुरडतात, काही जण त्या दिवशी दुसऱ्या आडावरून पाणी आणतात. ही स्वस्त पावडर पिण्याच्या पाण्यात रोज, कायमस्वरूपी टाकावी यासाठी शंभराहून अधिक वर्षांपूर्वी एका डॉक्टरने स्वतःची सगळी पत पणाला लावली होती आणि त्याला त्यासाठी न्यायालयात उभे राहावे लागले होते. त्याचे नाव डॉ. जॉन लीअल.

लीअल यांचा जन्म 5 मे 1858 रोजी अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या अँडीज नावाच्या लहानशा गावी झाला. वडीलही जॉनच, आणि तेही डॉक्टर. मुलगा चार-पाच वर्षांचा असताना वडील अमेरिकेच्या यादवी युद्धात सैन्याचे डॉक्टर म्हणून गेले. चार्ल्सटन शहराच्या वेढ्याच्या वेळी त्यांची पलटण त्या भागात होती. त्या युद्धात गोळीने जितके सैनिक मेले त्याच्या सुमारे दुप्पट रोगाने मेले. छावणीत पिण्याचे पाणी आणि शौचाची जागा यांत अंतर नसे, त्यामुळे हगवण आणि विषमज्वर तंबूतंबूंतून फिरत. लीअल यांच्या वडिलांना तिथे हगवण लागली. युद्ध संपले, ते घरी परतले, पण दुखणे गेले नाही. पोट पुन्हा पुन्हा बिघडत राहिले, शरीर झिजत गेले. 1882 मध्ये त्यांचा मृत्यू झाला, म्हणजे युद्धानंतरची 17 वर्षे ते त्याच दुखण्याशी झुंजत होते. मुलाचे सगळे बालपण आणि तारुण्य या आजारी माणसाच्या सोबतीत गेले. दूषित पाणी एखाद्याला एका दिवसात मारते, तसेच ते एखाद्याला वर्षानुवर्षे झिजवतेही, हे त्याने पुस्तकात वाचण्याआधी घरात पाहिले.

दरम्यान हे कुटुंब न्यू जर्सी राज्यातल्या पॅटर्सन या रेशीम गिरण्यांच्या शहरात येऊन राहिले होते. मुलाने प्रिन्स्टन इथून पदवी घेतली आणि न्यूयॉर्कमधल्या कोलंबियाच्या वैद्यकीय महाविद्यालयात नाव घातले. वडील गेले तेव्हा तो वैद्यकीय विद्यार्थी होता. 1884 मध्ये तो डॉक्टर झाला. ती वर्षे वैद्यकाच्या दृष्टीने मोठी उलथापालथीची होती. रोग दुर्गंधीयुक्त हवेने होतात, हा जुना समज मोडकळीला आला होता. 1880 मध्ये विषमज्वराचा जंतू सूक्ष्मदर्शकाखाली दिसला होता. रॉबर्ट कॉख यांनी 1884 मध्ये कोलकात्याला येऊन पटकीच्या जंतूचे काम पूर्ण केले. नव्याने डॉक्टर होणाऱ्या मुलांच्या हाती प्रथमच शत्रूचा पत्ता आला होता. तो शत्रू मारायचा कसा, हे मात्र अजून ठरायचे होते.

लीअल यांनी पॅटर्सनमध्ये व्यवसाय सुरू केला, पण लवकरच ते शहराच्या आरोग्य खात्यात ओढले गेले आणि 1890 च्या दशकात शहराचे आरोग्य अधिकारी झाले. हे काम खुर्चीत बसून करण्याचे नव्हते. साथ आली की घरोघरी फिरायचे, रुग्ण वेगळे करायचे, गटारे तपासायची, दूध आणि पाणी कुठून येते ते शोधायचे. साथीचा रुग्ण बरा झाला किंवा दगावला, की घर निर्जंतुक करण्यासाठी चुन्याच्या क्लोराइडचे द्रावण वापरत. हीच आपली ब्लीचिंग पावडर. म्हणजे लीअल यांना ती नवी नव्हती.

वैद्यकालाही ती नवी नव्हती. चुन्यावर क्लोरीन वायू सोडून ही पावडर बनवण्याचे पेटंट स्कॉटलंडमध्ये 1799 साली घेतले गेले, ते कापड पांढरे करण्यासाठी. 1847 मध्ये व्हिएन्नाच्या रुग्णालयात इग्नाझ सेमेलवाइस यांनी डॉक्टरांना याच पावडरच्या पाण्याने हात धुवायला लावले आणि बाळंतिणींचे मृत्यू झपाट्याने घटले. इंग्लंडमध्ये मेडस्टन इथे 1897 मध्ये विषमज्वराच्या साथीनंतर नळांचे जाळे या पावडरने धुऊन काढले गेले. लिंकन इथे 1905 मध्ये तशीच साथ आली तेव्हा पाण्यात याच जातीचे रसायन सोडण्यात आले. पण हे सगळे साथीपुरते उपाय होते. माणसाच्या रोजच्या पिण्याच्या पाण्यात रसायन घालणे ही कल्पनाच त्या काळच्या बहुतेक तज्ज्ञांना किळसवाणी वाटे. शुद्ध पाणी म्हणजे डोंगरातून निर्मळ आलेले किंवा वाळूतून गाळलेले पाणी. रसायन घातले की ती भेसळ. सामान्य माणसाचे मतही तसेच होते.

1899 मध्ये लीअल यांनी सरकारी जागा सोडली आणि पाणीपुरवठा करणाऱ्या खासगी कंपन्यांचे आरोग्य सल्लागार म्हणून काम पत्करले. त्याच सुमारास जर्सी सिटी या मोठ्या शहराने नव्या पाणी योजनेचा करार केला होता. रॉकअवे नदीवर बूंटन इथे धरण बांधायचे आणि तिथून 23 मैलांच्या वाहिनीने शहराला पाणी द्यायचे, अशी ती योजना. मे 1904 मध्ये पाणी शहरात पोहोचले. करारात एक अट होती: पाणी शुद्ध आणि आरोग्यदायक असले पाहिजे.

अडचण धरणाच्या वरच्या अंगाला होती. नदीकाठी लहान लहान गावे होती. त्यांची गटारे आणि संडास नदीच्या उताराला होते. लीअल यांच्या देखरेखीखाली पाणलोट क्षेत्राची पाहणी होई, नदीकाठचे संडास हलवले जात. एरवी पाणी धरणात पुष्कळ दिवस साठून राहिल्यामुळे बरेच जंतू आपोआप मरत. पण जोराचा पाऊस झाला की वाहून आलेली घाण धरणातून थेट वाहिनीच्या तोंडाशी येई. शहराने पूर्ण पैसे द्यायला नकार दिला आणि प्रकरण न्यायालयात गेले. दोन्ही बाजूंनी देशातले नामवंत जंतुशास्त्रज्ञ आणि अभियंते साक्षीला उभे राहिले.

निकाल 1 मे 1908 रोजी लागला. न्यायाधीशांनी सांगितले, की पाणी बहुतांश काळ चांगले असते, पण वर्षातून दोन-तीन वेळा, मोठ्या पावसानंतर, ते दूषित होते. एवढे थोडे दिवससुद्धा करारातली अट मोडायला पुरेसे होते. कंपनीने नदीकाठच्या गावांसाठी भुयारी गटारे बांधून सांडपाणी वळवावे किंवा पाणी शुद्ध ठेवणारी दुसरी एखादी योजना करून दाखवावी, असा पर्याय दिला गेला.

गटारे बांधायची म्हणजे प्रचंड खर्च. शिवाय लीअल यांना त्यातली खरी मेख दिसत होती. गटारे बांधली तरी शेतातून, रस्त्यावरून, उघड्यावरून पावसाबरोबर येणारी घाण थांबणार नव्हती. दूषित पाणी येण्याची वाट बंद करता येत नसेल तर येणाऱ्या पाण्यातला जंतूच मारला पाहिजे. त्यांनी दुसरी योजना या दोन शब्दांचा आधार घेतला आणि ब्लीचिंग पावडर वापरायचे ठरवले. वर्षातून दोन-तीन दिवस नव्हे, तर दररोज, पाण्याच्या प्रत्येक थेंबाला. कारण तो घातक दिवस कोणता, हे आधी कुणालाच कळणार नव्हते.

हा निर्णय घेताना त्यांनी न्यायालयाची वेगळी परवानगी मागितली नाही आणि शहराच्या नागरिकांनाही विचारले नाही. आजच्या मोजमापाने हे वागणे खटकण्यासारखे आहे, आणि तेव्हाही ते खटकले. सुमारे दोन लाख लोक पिणार असलेल्या पाण्यात एक कंपनी स्वतःच्या जबाबदारीवर रसायन सोडणार होती. योजना फसली असती तर लीअल यांचे नाव विषबाधा करणारा डॉक्टर म्हणून राहिले असते.

यंत्रणा उभारण्याचे काम त्यांनी जॉर्ज फुलर या त्या काळच्या अग्रगण्य जल-अभियंत्याकडे दिले. जून 1908 मध्ये काम सुरू झाले आणि 99 दिवसांत यंत्रणा उभी राहिली. मोठ्या टाक्यांत पावडरचे द्रावण करायचे आणि ते मोजून मापून वाहत्या पाण्यात सोडायचे, एवढीच ती युक्ती. 26 सप्टेंबर 1908 रोजी ती सुरू झाली. दररोज 4 कोटी गॅलन, म्हणजे सुमारे 15 कोटी लिटर पाण्यावर प्रक्रिया होऊ लागली. क्लोरीनची मात्रा होती 1,000 लिटरला सुमारे 0.2 ग्रॅम. लोकांनी पाणी प्यायले आणि कुणाला काही जाणवलेही नाही.

इतक्या अल्प मात्रेत ही पावडर काम कसे करते? पाण्यात विरघळल्यावर तिच्यातून हायपोक्लोरस आम्ल तयार होते. हा रेणू लहान आणि विद्युतभार नसलेला असल्याने जंतूच्या आवरणातून सहज आत शिरतो आणि आतली जीवनयंत्रणा मोडून टाकतो. पण पाण्यात गाळ, पालापाचोळा, शेण असे सेंद्रिय पदार्थ असतील तर क्लोरीन आधी त्यांच्यावरच खर्च होतो. ती गरज भागल्यावर जो उरतो, तोच जंतूंना पुरून उरतो आणि घरच्या माठापर्यंत पाण्याची राखण करतो. म्हणून मात्रा पाणी पाहून ठरवावी लागते आणि औषध मिसळल्यावर काही वेळ थांबावे लागते.

शहराचे वकील गप्प बसले नाहीत. दुसरा खटला उभा राहिला. विल्यम सेजविक आणि जॉर्ज व्हिपल हे सार्वजनिक आरोग्यातले मोठे विद्वान शहराच्या बाजूने विरोधात उभे होते. पाणी गाळणे हाच खरा मार्ग, रसायनावर विसंबणे धोक्याचे, असा त्या बाजूचा सूर होता. लीअल यांची उलटतपासणी झाली. हे पाणी तुम्ही स्वतः प्याल का, घरच्यांना द्याल का, या रोखाचे प्रश्न आले. त्यांनी शांतपणे होकार दिला. आपण सुचवलेले औषध आपल्या बायकामुलांना द्यायची तयारी असणे, ही डॉक्टरची सर्वांत जुनी कसोटी. ती त्यांनी शपथेवर दिली. साक्षी-पुराव्यांत महिनोन्महिने गेले. अखेर मे 1910 मध्ये न्यायालयाने नेमलेल्या अधिकाऱ्याचा अहवाल आला: ही पद्धत जंतू मारण्यात परिणामकारक आहे आणि तिने पाण्यात अपायकारक काही उरत नाही.

त्याआधीच, जून 1909 मध्ये, लीअल आणि फुलर यांनी अमेरिकेतल्या जलपुरवठा तज्ज्ञांच्या परिषदेत आपले काम मांडले होते. मग ही पद्धत वणव्यासारखी पसरली. तिचे मोठे बळ तिच्या किमतीत होते. वाळूच्या गाळण्या उभारायला मोठी शहरे पैसा काढू शकत होती, लहान गावांना ते झेपत नव्हते. पावडरची टाकी आणि एक नळ मात्र कुणालाही परवडण्यासारखा होता. 1900 साली अमेरिकेत विषमज्वराचे प्रमाण दर लाख लोकसंख्येमागे सुमारे 100 रुग्ण इतके होते. 1920 साली ते 34 च्या आसपास आले. यात गाळण्यांचा, गटारांचा आणि दूध तापवून विकण्याच्या पद्धतीचाही वाटा आहे. सगळे श्रेय पावडरला देता येणार नाही, पण तिचा वाटा मोठा होता हे निर्विवाद.

लीअल यांनी या पद्धतीचे पेटंट घेतले नाही. ज्याला हवे त्याने ती वापरावी, अशी मोकळीक राहिली. 13 मार्च 1914 रोजी, वयाच्या छप्पनाव्या वर्षी, पॅटर्सन इथे त्यांचा मृत्यू झाला. पुढे या कामाचे श्रेय इतरांच्या नावावर जात राहिले आणि लीअल विस्मरणात गेले. त्यांच्या कबरीवर नाव सांगणारा दगडही नव्हता. 2013 च्या मे महिन्यात, जन्मानंतर 155 वर्षांनी, जलपुरवठ्याच्या क्षेत्रातल्या लोकांनी तिथे स्मारक उभारले आणि सार्वजनिक आरोग्याचा नायक अशी त्यावर नोंद केली.

ज्या गावांना नळयोजना नाही, फक्त विहीर आहे, तिथे लीअल यांची पद्धत वापरायची तर एक अडचण येते. सकाळी विहिरीत पावडर टाकली की पहिल्या तासात क्लोरीन भरपूर असतो. लोक पाणी उपसतात, नवे पाणी पाझरते आणि दुसऱ्या दिवसापर्यंत संरक्षण संपते. बूंटनला द्रावण अखंड सोडणारी यंत्रणा होती. खेड्यातल्या विहिरीवर ती कोण बसवणार? याचे एक साधे उत्तर नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने, म्हणजे नीरीने शोधले. एका मडक्यात दुसरे मडके. आतल्या मडक्यात 1 किलो ब्लीचिंग पावडर आणि 2 किलो जाड वाळू यांचे ओलसर मिश्रण भरायचे. त्या मडक्याला वरच्या भागात एक सेंटिमीटरचे भोक असते. ते बाहेरच्या मडक्यात ठेवायचे, ज्याचे भोक तळापासून थोडे वर असते. तोंड प्लास्टिकच्या कागदाने बांधून ही जोडी दोराने विहिरीत, पाण्याच्या पातळीखाली किमान एक मीटर सोडायची. दोन भोकांतून क्लोरीन हळूहळू झिरपत राहतो. सुमारे 4,500 लिटर पाणी असलेल्या आणि रोज 360 ते 450 लिटर उपसा होणाऱ्या लहान विहिरीला ही जोडी दोन ते तीन आठवडे पुरते. कुंभाराची दोन मडकी आणि वाळू, याहून स्वस्त यंत्र सापडणे कठीण.

मडकी नसतील तर रोजच्या शुद्धीकरणासाठी साधारण 1,000 लिटर पाण्याला अडीच ग्रॅम चांगल्या प्रतीची पावडर लागते. म्हणजे विहिरीत 20,000 लिटर पाणी असेल तर 50 ग्रॅम. पाणी गढूळ असेल तर गरज वाढते. पावडर थेट विहिरीत फेकू नये. बादलीत थोड्या पाण्यात कालवावी, मग पाणी वाढवून चुन्याची निवळी खाली बसू द्यावी, वरचे द्रावण विहिरीत सोडून पोहऱ्याने पाणी ढवळावे आणि तासभर उपसा थांबवावा. नंतर ओटी चाचणी करावी. पाण्याला पिवळी छटा आली तर क्लोरीन शिल्लक आहे असे समजावे. ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक हेच करत असतो. पावडरचे पोते उघडे किंवा ओलसर जागी राहिले तर तिच्यातला क्लोरीन उडून जातो आणि उरतो तो नुसता चुना. अनेक गावांत साथ येते ती पावडर टाकली नाही म्हणून नव्हे, तर मेलेली पावडर टाकली म्हणून.

या औषधाच्या मर्यादाही माहीत असाव्यात. अमिबाची कोषावस्था आणि क्रिप्टोस्पोरिडियमसारखे काही परजीवी क्लोरीनच्या नेहमीच्या मात्रेला दाद देत नाहीत. त्यासाठी पाणी गाळणे किंवा उकळणे लागते. फ्लोराइड, नायट्रेट, क्षार हे दोष पावडरने जात नाहीत. पाण्यातल्या सेंद्रिय पदार्थांशी क्लोरीनचा संयोग होऊन काही नको असलेली संयुगे बनतात, हे 1970 च्या दशकात उघड झाले. त्यांचे प्रमाण मर्यादेत ठेवायलाच हवे. पण त्या भीतीने निर्जंतुकीकरण थांबवणे अधिक घातक, हेच जागतिक आरोग्य संघटनेचेही मत आहे.

पाण्याला येणारा तो किंचित उग्र वास अनेकांना आवडत नाही. पण तो वास आला नाही, तर काळजी करावी. वडिलांना 17 वर्षे झिजताना पाहिलेल्या एका मुलाने मोठेपणी त्या वासाची बाजू न्यायालयात लढवली होती. पावसाळ्याच्या तोंडावर आपल्या गावच्या विहिरीत शेवटची पावडर कधी पडली आणि ती किती जुनी होती, एवढे दोन प्रश्न प्रत्येक ग्रामस्थाने ग्रामपंचायतीत जाऊन जरूर विचारावेत.